कॉलेजच्या पानावर लिहिणारी मुलं पुढे कुठे गेली

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

६ जानेवारीला, पत्रकार दिनाच्या आपल्या पुरवणीत, सोलापुरात कॉलेजला असताना वर्तमानपत्रात लिहू लागलेल्या आणि पुढे नाव काढलेल्या अकरा जणांविषयी मजकूर आला. तो मी दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचताना डोळे भरून आले, कारण त्या अकरांपैकी सात जणांची पहिली बातमी माझ्या नजरेखालून गेलेली आहे. दुसऱ्यांदा वाचताना सवयीने पेन्सिल हातात आली. आधी पेन्सिलीचं सांगून टाकतो. ‘दर्पण’ १८३२ साली साप्ताहिक म्हणून निघालं, असं आपण छापलं आहे. ते पाक्षिक म्हणून निघालं आणि त्याच वर्षी मे महिन्यात साप्ताहिक झालं. पुरवणी शाळा-कॉलेजांत जाते, तिच्यातला मजकूर वक्तृत्व स्पर्धेसाठी पाठ होतो, म्हणून एवढी दुरुस्ती छापावी ही विनंती.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते.

मी शहरातल्या एका दैनिकात १९८४ पासून २०१५ पर्यंत मुद्रितशोधक होतो. त्यातली एकोणीस वर्षं, १९८९ ते २००८, दर बुधवारी निघणारं कॉलेजचं पान मी तपासलं. पान मुलांनीच लिहायचं आणि डेस्कवरच्या एका उपसंपादकाने लावायचं, अशी पद्धत होती. मुलं रविवारी संध्याकाळी यायची. फुलस्केपच्या एकाच बाजूला लिहिलेला मजकूर, समास सोडलेला, शेवटी नाव, कॉलेज आणि वर्ग. बातमीला पंधरा रुपये आणि लेखाला तीस रुपये मानधन होतं. खिळ्यांची जुळणी आमच्याकडे तेव्हा नुकतीच संपली होती. मजकूर ब्रोमाइडच्या लांब पट्ट्यांवर यायचा, त्या कापून पानावर चिकटवायच्या. सोमवारी रात्री मी प्रूफ वाचायचो. मंगळवारी दुपारी ज्याला वेळ असेल तो मुलगा किंवा ती मुलगी येऊन लाल शाईच्या खुणा बघून जायची. का खोडलं, हे प्रत्येकाला सांगायचं असा मी माझ्यापुरता नेम केला होता.

पान हाती आलं त्याच वर्षी मी एक वही घातली. ज्याचं नाव पानावर छापून आलं त्याचं नाव, तारीख, मथळा, आणि पुढे शेवटचा रकाना रिकामा. तो रकाना पुढच्या तीसएक वर्षांत हळूहळू भरत गेला. कुणी रस्त्यात भेटलं, कुणाच्या लग्नाची पत्रिका आली, कुणाची बदली झाल्याचं कानावर आलं, की घरी येऊन लिहायचं. आज त्या वहीत दोनशेच्या वर नावं आहेत. पूर्णवेळ पत्रकार झालेले त्यात जेमतेम पस्तीस. आपल्या पुरवणीतले सातही जण त्या पस्तिसांतले. त्यांचं कौतुक झालं ते योग्यच झालं, कारण त्यांनी ते कष्टाने मिळवलं आहे. पण पुरवणी मिटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर उरलेली नावं उभी राहिली. त्यांनी काही कमावलं नाही का? मुंबई-दिल्लीच्या कचेरीत खुर्ची मिळाली तरच कॉलेजच्या पानावर लिहिल्याचं सार्थक झालं, असं आपण मोजू लागलो तर त्या पानाचं निम्म्याहून अधिक पीक शेतातच राहील.

त्यांची नावं मी इथे लिहीत नाही. मी त्यांना विचारलेलं नाही, आणि न विचारता कुणाचं नाव छापू नये हे मीच त्यांना शिकवत आलो.

पहिली आठवते ती पूर्व भागातली मुलगी. आई आणि आजी दोघी बिड्या वळायच्या. घरी तेलुगू, कॉलेजात मराठी, त्यामुळे तिच्या लिहिण्यात लिंगाच्या चुका फार. ‘ती रस्ता’, ‘तो इमारत’. पण तिने आणलेला मजकूर मी आजही विसरलेलो नाही. हजार बिड्यांना लागतात तेवढी तेंदूपानं कारखान्यातून मिळत नाहीत, कमी पडलेली पानं बायकांना पदरच्या पैशाने आणावी लागतात, ही तक्रार सोलापुरात सगळ्यांना माहीत होती. तिने काय केलं? सलग सहा दिवस घरी आलेली पानं वजन करून घेतली, भिजवून कापल्यावर त्यातून किती बिड्या निघाल्या ते रोज वहीत मांडलं, आणि आईने बाजारातून किती रुपयांची पानं आणली ते त्याच्या शेजारी लिहिलं. सहा ओळींचं कोष्टक. बाकी लेखात एकही विशेषण नव्हतं. मी लिंगाच्या चुका दुरुस्त केल्या, कोष्टकाची बेरीज दोनदा पडताळली आणि तिला म्हणालो, ‘‘बाई, यात मला हात घालायला जागाच नाही.’’

ती पुढे सरकारी नोकरीत लागली, कामगारांशी संबंध येणाऱ्या एका कार्यालयात. काही वर्षांपूर्वी तिने मला तिथला एक अर्ज दाखवला. पूर्वी तो चार पानी होता आणि बायका तो भरून घेण्यासाठी बाहेरच्या माणसाला पैसे द्यायच्या. तिने वरिष्ठांच्या मागे लागून तो एका पानावर आणला. सोपं मराठी, आणि पाठीमागे तेलुगूत कसा भरायचा त्याच्या सूचना. पानाच्या कोपऱ्यात तिचं नाव नाही, असणारही नाही. मी तो अर्ज पेन्सिल घेऊन वाचला. एकही चूक सापडली नाही. माझ्या वहीत तिच्या नावापुढच्या रकान्यात मी लिहिलं: ‘अर्ज, एक पानी’.

दुसरा मोहोळकडचा. कॉलेजात असताना टँकरच्या फेऱ्यांवर बातमी केली होती. कागदावर पाच फेऱ्या आणि गावात प्रत्यक्ष तीन, असं त्याने विहिरीजवळ दोन दिवस बसून मोजलं. आमच्या उपसंपादकांनी त्याला विचारलं, ‘‘तू झोपला होतास तेव्हा टँकर आला नसेल कशावरून?’’ पोरगा गप्प झाला, परत गेला, आणि पुढच्या रविवारी गावातल्या तिघांच्या सह्या घेऊन आला की रात्री टँकर आला नाही. तो आज महसूल खात्यात आहे; ज्याला आपण तलाठी म्हणत आलो आणि आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्या जागेवर. ऑक्टोबर २०२० मध्ये सीना आणि भीमेला पूर आला तेव्हा पिकांचे पंचनामे करायचे होते. त्याचे काही पंचनामे मला एका शेतकरी नातलगाकडे वाचायला मिळाले. गट नंबर, किती आर क्षेत्र, पाणी कोणत्या तारखेला किती वाजता शिरलं, किती दिवस साचून राहिलं, तूर किती वाढली होती, पंच कोण, ते शेतात प्रत्यक्ष हजर होते की नव्हते. ‘सर्व पीक वाहून गेले’ असं एकही मोघम वाक्य नाही. माझा नातलग म्हणाला, आमच्या शिवारातला कागद वरून एकदाही परत आला नाही. कॉलेजच्या पानावर पंधरा रुपयांत शिकलेली गोष्ट त्या पुरात किती घरांना उपयोगी पडली, याचा हिशेब कुठल्या पुरवणीत येणार?

तिसऱ्या मुलीविषयी लिहिताना मला माझी एक चूक सांगावी लागेल. दक्षिण सोलापूरची मुलगी. तिने हुलग्याच्या माडग्यावर लिहिलं होतं. आजीची पद्धत, हुलगे भाजायचे, भरडायचे, थंडीत गरम प्यायचं, आजारी माणसाला द्यायचं. मी ‘हुलगे’ खोडून सगळीकडे ‘कुळीथ’ केलं. आमच्या शैलीच्या यादीत ‘कुळीथ’ होतं. तसंच छापून आलं. मंगळवारी ती आली नाही, बुधवारी आली. हातात अंक. म्हणाली, ‘‘काका, आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली हे आपल्यातलं न्हवं, कुणा दुसऱ्याचं हाय.’’ मी त्या मुलीची माफी मागितली आणि पुढच्या बुधवारी पानाच्या तळाला दुरुस्ती छापायला लावली: ‘गेल्या अंकात कुळीथ असे छापले गेले, ते हुलगे असे वाचावे.’ डेस्कवरचे काही जण म्हणाले, अर्थ तर एकच आहे. अर्थ एक असला तरी आजी एकच असते. ती मुलगी पुढे रेडिओवर शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात हंगामी निवेदिका झाली. तिच्या तोंडी मटकी, हुलगा, करडई, कडवळ ही सगळी नावं आपल्याकडच्या माणसांच्या तोंडची येतात. तिचा आवाज लागला की मी गॅस बारीक करतो आणि ऐकतो.

चौथ्याचा रकाना भरताना मी फार वेळ थांबलो होतो. तो पत्रकार झाला, पण तालुक्यात. त्याचं छायाचित्र आपल्या पुरवणीत नाही. बावीस वर्षं तो भीमाकाठच्या एका तालुक्यातून बातम्या पाठवतो. नेमणुकीचं पत्र नाही, पगार नाही. जाहिराती मिळवल्या तर त्यावरचं कमिशन. पोट भरायला बसस्थानकासमोर झेरॉक्सचं दुकान. ज्येष्ठ पत्रकारांसाठीच्या सरकारी सन्मान योजनेला ‘दर्पण’ काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांचंच नाव आहे, पण तिथे अनुभवाचे पुरावे लागतात, आणि ज्याला कुणी कधी पत्रच दिलं नाही त्याने पुरावा कुठून आणायचा? त्याच्याकडे आहेत ती कात्रणं. एका पेटीत, वर्षवार लावलेली.

त्याचं काम सांगतो. ऊस गाळपाला गेल्यावर १४ दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज द्यायचं, हा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला. नियम सगळ्यांना ठाऊक आहे. हा माणूस दर हंगामात आठ-दहा शेतकऱ्यांच्या वजनकाट्याच्या पावत्या आणि बँकेच्या पासबुकातली नोंद, दोन्हींची स्वतःच्या दुकानात झेरॉक्स काढतो आणि मधले दिवस मोजतो. तेवढीच बातमी. दिवस मोजलेले असल्यामुळे तिच्यावर कुणाला खुलासा पाठवता आलेला नाही. जाहिराती मात्र अनेकदा बंद झाल्या, आणि त्याची झळ त्याच्याच खिशाला बसली. मी त्याला एकदा विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? तो म्हणाला, ‘‘काका, तुम्ही एकदा माझ्या बातमीत ‘अनेक दिवस’ला गोल केला होता आणि समासात लिहिलं होतं, ‘किती?’’’ मला ते आठवत नव्हतं.

बाकीच्यांचं भरभर सांगतो. दोघे वकील, त्यातला एक सत्र न्यायालयात. एक फौजदार. एक मुलगी पाठ्यपुस्तकांचं मुद्रितशोधन करते, ती माझ्यापेक्षा बारकाईने वाचते. एक जण पुण्यात बसून परभाषेतल्या मालिकांची मराठी उपशीर्षकं करतो. एक सरपंच झाली आणि ग्रामसभेचं इतिवृत्त स्वतः लिहिते. शिक्षक तर किती तरी. एक जण दारूत गेला. त्याच्या नावापुढे मी काही लिहिलेलं नाही. त्याने अठराव्या वर्षी यंत्रमागाच्या आवाजावर लिहिलेली चारशे शब्दांची टिपणी मात्र मी कापून ठेवली आहे.

आणि मुलींचं एक वेगळं सांगायला हवं. वहीतल्या नावांत मुली जवळपास चाळीस टक्के आहेत. पूर्णवेळ पत्रकारितेत टिकल्या त्या चौघी. त्या कमी पडल्या म्हणून असं झालं नाही. त्यांची कॉपी मुलांपेक्षा नीट असायची. शेवटची आवृत्ती रात्री दीड वाजता सुटायची आणि घरी सोडायला गाडी नसायची. एका मुलीचे वडील रोज रात्री सायकलवर तिला न्यायला यायचे, दाराशी तासभर उभे राहायचे. सहा महिन्यांनी वडील आजारी पडले, तिने नोकरी सोडली. आपल्या पुरवणीतल्या अकरांत एकच स्त्री का आहे, याचं उत्तर त्या सायकलीपाशी आहे.

कर्तबगारी मोजण्याची ही पद्धत माझी एकट्याची नाही. गोपाळ गणेश आगरकरांकडे बघा. कऱ्हाडजवळच्या टेंभूचा गरीब घरातला मुलगा, १८७५ साली अकोल्याहून मॅट्रिक झाला आणि पुण्याला डेक्कन कॉलेजात आला. तिथलं शिक्षण त्यांनी वर्तमानपत्रांत लेख लिहून, वक्तृत्वाची बक्षिसं आणि शिष्यवृत्त्या मिळवून पुरं केलं. एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालायचे, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. लेख लिहून फी भरायचे, हे तितक्या ठळकपणे कुणी सांगत नाही. पुढे १८८१ मध्ये ते ‘केसरी’चे पहिले संपादक झाले, कोल्हापूरच्या दिवाणाविरुद्धच्या मजकुरावरून झालेल्या बदनामीच्या खटल्यात डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले, १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. पण १८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यही झाले आणि १८९५ साली, चाळिशीही न गाठता, त्याच पदावर असताना गेले. त्यांच्या आयुष्यातून संपादक वेगळा काढा आणि शिक्षक वेगळा काढा, असं कुणी सांगितलं तर ते जमणार नाही. दोघांच्या हातात लेखणी तीच होती.

आर. के. लक्ष्मण यांचंही तसंच. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात शिकत असतानाच ते ‘कोरवंजी’ या कन्नड विनोदी मासिकासाठी चित्रं काढत होते. पुढे मुंबईत त्यांचा सामान्य माणूस पन्नासहून अधिक वर्षं रोज सकाळी पहिल्या पानावर उभा राहिला. १९८४ चा मॅगसेसे पुरस्कार सगळ्यांना माहीत आहे. कॉलेजातल्या त्या पोराची चित्रं छापणाऱ्या मासिकाची आठवण मात्र पुरस्काराच्या बातमीत सहसा नसते. आणि मोहनदास गांधी नावाचा विद्यार्थी लंडनला कायदा शिकत असताना, १८९१ साली, ‘द व्हेजिटेरियन’ या तिथल्या साप्ताहिकात हिंदुस्थानातल्या शाकाहारावर आणि सणांवर लेख लिहीत होता. त्या लेखांत पुढचा महात्मा शोधायला जाऊ नये. आपल्या लोकांचं जेवण परक्यांना समजेल असं, साध्या वाक्यांत सांगणारा एक मुलगा तिथे दिसतो. ‘हरिजन’पर्यंत त्यांची वाक्यं साधीच राहिली.

येत्या १२ तारखेला आपण चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी जमू. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १९३१ साली त्या दिवशी येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. कुर्बान हुसेन तेव्हा विशीतले होते आणि ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवत होते. दरवर्षी हार घालताना आपण त्यांना हुतात्मा म्हणतो, ते आहेतच. या शहरात तरुण वयात वर्तमानपत्र काढणाऱ्याने काय पणाला लावलं, हेही त्याच पुतळ्यापाशी उभं राहून कॉलेजच्या मुलांना सांगायला हवं असं मला वाटतं.

परदेशातल्या दोन गोष्टी मी माझ्या नातवाकडून समजून घेतल्या आणि खातरजमा करून लिहितो आहे. अमेरिकेत कॅन्सस राज्यात पिट्सबर्ग नावाचं एक छोटं गाव आहे. पेन्सिल्वेनियातलं पोलादाचं मोठं पिट्सबर्ग ते हे नव्हे. तिथल्या सरकारी हायस्कुलातली मुलं ‘बूस्टर रिडक्स’ नावाचं शाळेचं पत्र काढतात. २०१७ साली शाळेला नव्या मुख्याध्यापिका येणार होत्या. त्यांची ओळख करून देणारी साधी बातमी लिहायची म्हणून मुलांनी माहिती जमवायला घेतली. ज्या विद्यापीठाच्या पदव्या त्यांनी दाखवल्या होत्या, त्याला मान्यता असल्याचं मुलांना कुठेच सापडेना. त्यांनी खात्रीलायक ठिकाणी विचारलं, खुद्द बाईंना विचारलं, आणि मार्चच्या शेवटी बातमी छापली. काही दिवसांतच बाईंनी राजीनामा दिला. या गोष्टीत मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे की कॅन्ससमध्ये १९९२ पासून शाळकरी पत्रांना संरक्षण देणारा कायदा आहे. बातमी शाळेला अडचणीची आहे एवढ्याच कारणावरून ती अडवता येत नाही. आपल्याकडे कॉलेजचं भित्तिपत्रकसुद्धा सहीशिवाय फलकावर लागत नाही.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्याच स्टॅनफर्ड विद्यापीठाची. पहिल्या वर्षाला असलेल्या थिओ बेकर या विद्यार्थ्याने नोव्हेंबर २०२२ पासून तिथल्या विद्यार्थ्यांच्या ‘स्टॅनफर्ड डेली’ या पत्रात, विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या जुन्या शोधनिबंधांतल्या चित्रांत फेरफार असल्याच्या संशयाविषयी बातम्या दिल्या. २०२३ मध्ये त्याला पत्रकारितेचा जॉर्ज पोल्क पुरस्कार मिळाला, इतक्या लहान वयात तो कुणालाच मिळाला नव्हता. त्याच वर्षी जुलैत अध्यक्षांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. त्या मुलाचे आईवडील दोघेही नावाजलेले पत्रकार आहेत, घरातच शाळा होती, हे खरं. पण चौकशी समितीने काय म्हटलं ते मी नीट वाचवून घेतलं. अध्यक्षांनी स्वतः फेरफार केल्याचं समितीला आढळलं नाही; चुका लक्षात आल्यावरही त्या वेळेवर आणि ठामपणे दुरुस्त झाल्या नाहीत, हा दोष होता. एकतीस वर्षं दुरुस्त्या करण्यात घालवलेल्या माणसाला या वाक्याचं मोल कळतं.

आमचं कॉलेजचं पान २००८ साली बंद झालं. कारण सांगितलं गेलं की त्या पानाला जाहिरात नाही. मानधनाचा महिन्याचा खर्च तेव्हा दोन हजारांच्या आत होता, व्हाउचर माझ्या शेजारच्या टेबलावरून जायची म्हणून माहीत आहे. शेवटच्या बुधवारी नऊ मुलं आली होती. त्यांतल्या एका मुलाने अर्धवट बातमी आणली होती, वसतिगृहाच्या पाण्यावर. पुढच्या आठवड्यात पुरी करतो म्हणाला. मी त्याला पान बंद झाल्याचं सांगितलं नाही, सांगायला तोंड उघडलंच नाही. तो पुढच्या रविवारी आला आणि रखवालदाराकडून त्याला कळलं. ही माझी दुसरी चूक, आणि तिची दुरुस्ती कुठल्याच तळटिपेत छापून येण्यासारखी नव्हती.

आता मुलं फोनवर लिहितात, चित्रफिती करतात, आणि त्यांतली काही फार चांगलं काम करतात. माझा नातू दाखवतो तेव्हा मी कौतुकाने बघतो. पण त्यांच्या मजकुराला गोल करून समासात ‘किती?’ असं विचारणारं माणूस त्यांना कुठे भेटतं? कॉलेजचे वार्षिकांक पूर्वी छापले जायचे. विद्यार्थी संपादक आणि प्राध्यापक मिळून प्रूफं वाचायचे, छापखान्यात जाऊन बसायचे. आता बरेच अंक संगणकावरची एक प्रत करून ठेवले जातात. तिथे चूक राहिली तरी कुणाच्या लक्षात येत नाही आणि चांगलं लिहिलं तरी नाही.

म्हणून आपल्याकडे मागणं असं. आठवड्यातलं अर्धं पान कॉलेजच्या मुलांना द्या. मानधन द्या, पन्नास रुपये असले तरी चालतील, पण व्हाउचरवर सही घेऊन द्या. वाडिया हॉस्पिटलच्या एका परिचारिकेने मला सांगितलं होतं की तिच्या भावाचं पहिलं पंधरा रुपयांचं व्हाउचर त्यांच्या आईने देवघरात ठेवलं होतं. डेस्कवरचा एक माणूस नेमून द्या, जो मंगळवारी दुपारी दोन तास मुलांना दारात न थांबवता आत बसवील आणि त्यांचा मजकूर त्यांच्या समोर तपासेल. मुली रात्री थांबणार असतील तर गाडीची सोय आधी करा. आणि पुढच्या पत्रकार दिनाला पुरवणी काढाल तेव्हा तालुक्यातला तो झेरॉक्सवाला आणि एक पानी अर्जवाली, त्यांची परवानगी घेऊन, पहिल्या पानावर छापा.

मुलांचा मजकूर तपासायला माणूस मिळत नसेल तर मी येईन. वय बहात्तर आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन डोळा चांगला झाला आहे, आणि मानधन नको.

माझ्या वहीच्या एकतीस पानांच्या झेरॉक्स प्रती सोबत जोडल्या आहेत. त्या छापण्यासाठी नाहीत, फक्त आपल्या वाचनासाठी आहेत. सतराव्या पानावर शाई सांडल्यामुळे १९९७ सालातलं एक आडनाव वाचता येत नाही. त्या मुलाच्या वर्गमित्राचा फोन नंबर मिळाला आहे. आडनाव विचारून घेतो आणि सोमवारपर्यंत कळवतो.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक
सोलापूर